एकच मात्रा, दोन माणसे

तुमसर तालुक्यातला आंबागड किल्ला देवगडच्या बख्तबुलंद शाहचा सुभेदार राजाखान पठाण याने इ. स. १७०० च्या सुमारास बांधला. पुढे भोसल्यांच्या काळात तिथे कैदी ठेवत आणि किल्ल्यातल्या विहिरीचे साचलेले विषारी पाणी पाजून त्यांना मारत, असे सांगतात. तिथे हेतूच जीव घेण्याचा होता. पण बरे करण्यासाठी दिलेली दवा एखाद्याला विषासारखी लागली, तर कसूर कुणाचा?

आमच्या नात्यातल्या दोघा चुलतभावांना स्किझोफ्रेनिया आहे. दोघांना एकच गोळी, एकच मात्रा होती. धाकटा त्या पावसाळ्यात रोवणीला जाऊ लागला. थोरल्याचे हात थरथरू लागले, जबडा आखडला. त्याने गोळ्या फेकून दिल्या. घरचे म्हणाले, "याला बरंच व्हायचं नाही." कुणी म्हणाले, इमान कमजोर आहे. आम्हीही गप्प राहिलो.

शास्त्र वेगळे सांगते. हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन यांसारखी औषधे शरीरात मोडण्याचे बरेचसे काम यकृतातले एक विकर, म्हणजे एन्झाइम, करते. ते घडवणाऱ्या जनुकाचे नाव सीवायपी-२डी६. आईबापांकडून आलेल्या या जनुकामुळे कुणाचे विकर मंद चालते आणि औषध रक्तात साचते. कुणाचे इतके वेगाने चालते की गुण येण्याआधीच औषध निघून जाते. शिवाय विडीच्या धुराने दुसरे एक विकर चेतते आणि ओलांझापिन, क्लोझापिन लवकर संपतात. आमच्या विडीच्या जिल्ह्यात हे ध्यानात ठेवावे असेच आहे.

थोरल्याचे असेच झाले, हे तपासणीवाचून म्हणता येत नाही. पण त्याला बरे व्हायचे नाही, हे तरी कोणत्या तपासणीने ठरले होते?

सर्वांना सारखे देणे म्हणजे इन्साफ, असे आम्ही वर्गात सांगत आलो. ते अपुरे आहे. ज्याला जे मानवेल ते देणे हा इन्साफ. मात्र जनुकालाच नवी तकदीर समजून हात टेकू नयेत. जनुक हे एकच कारण नव्हे. मात्रा कमी करता येते, दवा बदलता येते. फक्त ती आपल्या मनाने बंद करू नये.

दवा कोणती, हे डॉक्टर ठरवतील. "गोळी घेतल्यावर तुला काय होतं?" एवढे विचारणे आमच्यावर फर्ज होते. तेच आम्ही विचारले नव्हते.