चार हात जमीन

फोटोत माझी गाडी मागून दिसते. मागच्या काचेतून आईच्या डोक्यावरचा पदर ओळखू येतो. खाली छापलंय : वेग ९८, मर्यादा ८०, दंड २,००० रुपये, वेळ ४.४१. जागा कराडच्या अलीकडे, पुणे-बंगळूर महामार्ग. मेसेज मोबाइलवर पडला, तेव्हा आम्हाला आष्ट्याजवळच्या आमच्या गावी पोहोचून चार दिवस झाले होते.

"रस्ता तर मोकळा होता," हे माझं पहिलं वाक्य. चलान आलेल्या प्रत्येकाचं हेच असतं. मेहुणा म्हणाला, "दाजी, लगेच भरू नका. लोकअदालत लागू द्या, कमी होतंय." मग त्याने पोलिसांचा उद्धार केला. पुलाच्या सावलीत गाडी लावायची, स्पीडगन धरायची, आणि मर्यादेची पाटी कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सआड. माणसं वाचवायची असतील तर दिसेल असं उभं राहावं की! मला ते पटलं. आपल्या फायद्याचं लवकर पटतं.

आता घाई कशाची होती ते सांगतो. आई ब्याऐंशी वर्षांची आहे. सूर्यास्ताआधी दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं, तिचं जेवण उरकतं. त्यानंतर पाणीसुद्धा नाही. आम्ही दक्षिण महाराष्ट्रातले जैन. दिवे लागल्यावर किडे अन्नात पडतात, ते मरू नयेत म्हणून हा नियम, असं लहानपणापासून ऐकलेलं. डिसेंबरचा दिवस, सहाच्या सुमाराला सूर्य जाणार. खंबाटकी घाट ओलांडल्यावर आई मागून म्हणाली, "वेळ होतीय बघ." बस, तेवढंच. माझा पाय खाली गेला. भाकरीवर बसू शकणाऱ्या एका चिलटासाठी मी दीड टनाची गाडी ताशी ९८ ने हाणत होतो.

हे लक्षात यायला चलान यावं लागलं. फोटोच्या थोडं आधी, उंब्रजच्या आसपास, रस्त्याच्या कडेने दोन मुनी चालले होते. हातात मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू, नजर खाली. आईने मागे हात जोडले. मी न थांबता, हॉर्न न वाजवता, पुढे काढली आणि मनात म्हटलं, आपण किती सभ्य. मुनींच्या पाच समित्यांपैकी पहिली ईर्यासमिती. दिवसाउजेडी चालायचं, आणि चार हात पुढची जमीन बघत पाऊल टाकायचं. गृहस्थाला ती लागू नाही. पण मी कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, हात शिवशिवले. चार हात म्हणजे साधारण १.८ मीटर. ताशी ९८ ने गाडी सेकंदाला २७ मीटर जाते. म्हणजे मुनींची ती चार हात जमीन माझ्या चाकाखाली सेकंदाच्या पंधराव्या भागात संपत होती. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. आणि ८० चे ९८ झाले की वेग पावपटही वाढत नाही, धडकेची ऊर्जा मात्र दीडपट होते. हे गणित मी फळ्यावर शेकडो वेळा सोडवलंय. घाटातल्या ट्रकचं उदाहरण घेऊन.

पण धडक झाली नाहीच ना? मग गुन्हा कसला? इथे मला कपाटातलं 'प्रवचनसार' काढावं लागलं. कुंदकुंदाचार्यांचा हा ग्रंथ डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी १९३५ साली संपादून काढला. ते सदलग्याचे, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकवणारे. त्यामुळे आमच्या भागात त्याबद्दल घरचा अभिमान आहे. तिसऱ्या अधिकारात कुंदकुंद जे म्हणतात त्याचा आशय असा, की समोरचा जीव मरो की जगो, ज्याचं वागणं बेसावध त्याची हिंसा ठरलेलीच. आणि जो सांभाळून वागतो, त्याच्या हातून जीव गेला तरी तेवढ्याने त्याला कर्माचा बंध होत नाही. उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रातही हिंसेच्या व्याख्येत प्रमाद आधी येतो, प्राण जाणं नंतर. मराठीत आपण प्रमाद म्हणजे नुसती चूक समजतो. शास्त्रात तो बेसावधपणा आहे, माणूस जागेवर नसणं. म्हणजे मोकळ्या रस्त्याचा माझा युक्तिवाद मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ पुढे टिकत नाही, कुंदकुंदांपुढे तर नाहीच. अपघात व्हायची वाट न बघता दोघेही बोट ठेवतात ते एकाच जागी.

राहिला लपण्याचा प्रश्न. क्रोध, मान, माया, लोभ या चार कषायांत माया म्हणजे कपट. पुलाच्या सावलीतली गाडी हे कपटच. ते कोणी धुऊन काढावं असं मला वाटत नाही. पाटी फ्लेक्सआड असेल तर मी अजूनही भांडेन. पण माझी तक्रार कपटाबद्दल नव्हती. आम्हा जैनांकडे चित्रगुप्त नाही, वही नाही, न्याय देणारा ईश्वर नाही. कर्म ज्याचं त्याला आपोआप चिकटतं, बघणारा असो नसो. असं मानणाऱ्या माणसाने "मला चोरून पाहिलं" म्हणावं, याचा अर्थ मी इतकी वर्षं बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, बसून काय ऐकत होतो?

आईला मी चलानाचं सांगणार नव्हतो, मेहुण्याने सांगितलं. ती सामायिक, म्हणजे रोजचं ध्यान, करून उठली होती. म्हणाली, "मी वेळ होतीय म्हटले. म्हणजे माझापण वाटा की रे."

मी म्हटलं, "आई, चालवत मी होतो."

"केलंस तू, करवलं मी." जपमाळेचा मणी ओढावा तसं ती बोलली. कृत, कारित, अनुमोदना. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं, दुसऱ्याने केल्यावर बरं वाटलेलं. आमच्या माळेतल्या १०८ मण्यांच्या हिशेबात हे तीन आहेतच. चलानावर यातला पहिलाच दिसतो.

तिच्या त्या हिशेबाने मला माझे डिपर आठवले. महामार्ग सोडून आत वळलं की रस्ता अरुंद होतो, समोरून गाड्या येतात. पुढे पोलीस असले की समोरचा डिपर देतो. मीही देतो, वर्षानुवर्षं. अनोळखी माणसाचे दोन हजार वाचवल्याचा कसला आनंद होतो! त्यातही मी दया शोधली होती : तो हळू होईल, म्हणजे कुणीतरी वाचेलच की. होतो हळू, दोन किलोमीटर. मी त्याला वेग कमी कर म्हणून सांगत नसतो, कुठपर्यंत कमी ठेव ते सांगत असतो. ही अनुमोदनाच.

दंड मी त्याच रात्री भरला. मनुस्मृतीत म्हटलंय की राजाने दंड केला की अपराधी शुद्ध होऊन पुण्यवंतांसारखा स्वर्गाला जातो. सोयीचा विचार आहे, पावती मिळाली की मोकळे. आमच्याकडे पावतीने कर्म झडत नाही. आईने मला प्रतिक्रमणाला बसवलं, चालताना-वावरताना दुखावलेल्या जिवांची क्षमा मागायचा पाठ त्यात येतो. बसलो खरा, पण अर्धं लक्ष मोबाइलकडे, पैसे भरल्याचा मेसेज आला का म्हणून.

फेब्रुवारीत पुन्हा आईला पुण्याहून घेऊन निघालो. या वेळी डबा बरोबर. साडेचारला झाडाखाली गाडी लावली. आईने भाकरी आणि दुधीची भाजी सावकाश खाल्ली, उकळलेलं पाणी प्यायली, तोंड पुसून मागे बसली. शेजारून गाड्या सूं सूं जात होत्या. महामार्ग सोडून आत वळलो. काटा ५० वर होता, कधीचा. समोरून उसाचा रिकामा ट्रॅक्टर आला, त्यामागून एका टेम्पोने दोनदा डिपर दिला.

माझा पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला गेला.

"का रे हळू केलंस?" आईने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं.