डबा पोचला, तुम्ही पोचला नाहीत

बसा सगळे. आज ओव्हन लावायचा नाही, मैदा चाळायचा नाही. आज फक्त ऐकायचं.

नाताळच्या सुटीत मी तुम्हाला एकच काम दिलं होतं. घरातल्या, नात्यातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी जिंजरब्रेड कुकीज करायच्या आणि स्वतः नेऊन द्यायच्या. सुटी संपली आणि ग्रुपवर फोटोंचा पाऊस पडला. लाल फिती, पुठ्ठ्याचे खोके, आयसिंगची बटणं लावलेली माणसं, बर्फाचे तारे. एकाही फोटोत म्हातारं माणूस नाही. एकाही फोटोत कुणी खाताना दिसत नाही. मग मी एकेकाला विचारलं, आजोबांनी खाल्ल्या का? उत्तर आलं, "खाल्ल्या असतील, मॅडम." असतील? ज्याच्यासाठी केलं त्याच्या तोंडात घास गेला की नाही, हेही ज्याला ठाऊक नाही, त्याने कुणासाठी केलं म्हणून सांगू नये.

तुमच्यातल्या एकीच्या आजी माझ्या ओळखीच्या आहेत. त्यांना भेटायला गेले होते. नातीचं नाव घेणार नाही, कारण चूक तिची एकटीची नाही, वर्गाची आहे. आजींना खालची-वरची दोन्ही कवळी. खोका उघडल्यावर त्यांनी एक कुकी हातात घेतली, उलटसुलट पाहिली, कडेला दाढ लावून बघितली आणि परत ठेवली. मग अडकित्ता आणला. अडकित्त्यातून ती निसटली. शेवटी त्यांनी पितळी खलबत्ता काढला, कुकी कुटली आणि तो भुगा दुधात कालवून चमच्याने खाल्ला. आयसिंगचा एक चिवट तुकडा कवळीखाली अडकला, तो मोरीपाशी जाऊन काढून आल्या. "नातीनं केलंय, टाकायचं कसं," एवढंच म्हणाल्या. मला बजावून सांगितलं, पोरीला कळू देऊ नका, वाईट वाटेल तिला.

मी सांगते आहे. वाईट वाटलंच पाहिजे.

आता नीट ऐका, कुकी इतकी दगडासारखी का झाली. तुमच्यातल्या निम्म्यांनी कृती उचलली ती जिंजरब्रेडचं घर बांधायची. जर्मनीत, अमेरिकेत नाताळला पिठाच्या भिंती उभ्या करून घर करतात, त्या भिंतींसाठीचं पीठ वेगळं असतं. त्यात लोणी कमी, सोडा नावाला किंवा मुळीच नाही, कारण भिंत फुगून वाकडी व्हायला नको. ते जास्त वेळ भाजून पार कोरडं करतात, कारण छपराचं वजन पेलायचं असतं. तुम्ही व्हिडिओत सरळ, सुबक कडा पाहिल्यात आणि भाळलात. कडा सरळ का राहिल्या, हा प्रश्न एकालाही पडला नाही. वर्षभर मी तुम्हाला दुसरं काय शिकवलं? कृतीतला प्रत्येक जिन्नस काहीतरी काम करत असतो. ते काम कळल्याशिवाय वजनकाट्याला हात लावायचा नाही.

उरलेल्यांनी कृती बरोबर घेतली आणि हाताने बिघडवली. पीठ पोळीच्या कणकेसारखं तिंबलंत, ग्लुटेन ताणलं गेलं. पातळ लाटलंत, कारण कटरने आकार स्वच्छ सुटतो. आणि ओव्हनमधून काढताना मधला भाग मऊ लागला म्हणून आणखी पाच मिनिटं ठेवलंत. कुकी गरम असताना मऊच असते, ती गार होताना घट्ट होते. हे तुम्ही नानकटाईच्या वेळीच शिकला होतात.

ज्या लोकांचा हा पदार्थ आहे त्यांनी मऊपणासाठी किती सोसलंय ते बघा. न्यूरेंबर्ग हे जर्मनीतलं शहर. तिथे लेबकुखेन, म्हणजे त्यांचं जिंजरब्रेड, करणाऱ्यांची नोंद १३९५ सालापासून सापडते. शहराला लागून राजाचं मोठं जंगल, त्यात मधमाश्या पाळणारे लोक, म्हणून मध मुबलक. आणि शहर व्यापारी वाटांच्या नाक्यावर, म्हणून आपल्याकडच्या बाजूचा मसाला तिथे पोचायचा. साखर महाग होती तेव्हा मधातच पीठ मळायचे आणि ते पीठ थंड जागी आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्महिने मुरू द्यायचे. भाजल्यावर लेबकुखेन कडकच निघतं. मग ते डब्यात भरून, सफरचंदाची साल किंवा फोड सोबत ठेवून वाट पाहायची. मध हवेतला ओलावा धरतो आणि हळूहळू ते नरम पडतं. म्हणून तिथल्या घरांत नाताळचं भाजणं नोव्हेंबरात सुरू होतं. त्यातला सगळ्यात मानाचा प्रकार एलिझेन. त्यात मैदा फार तर १० टक्के आणि बदाम, हेझलनट, अक्रोड मिळून किमान २५ टक्के असावे लागतात, असा नियमच आहे. पीठ इतकं कमी की ते पातळ पापुद्र्यावर थापून भाजावं लागतं. आणि हे खायचं केव्हा? नाताळच्या आधीचे चार रविवार, दुपारच्या कॉफीला, सगळं घर टेबलाभोवती बसून. तुम्ही चोवीस तारखेला दुपारी पीठ मळलंत आणि संध्याकाळी खोके बांधलेत. या पदार्थाला लागतो तो वेळच तुम्ही दिला नाहीत.

यापुढची गोष्ट मात्र चुकीची नाही, अपराधाची आहे.

तिघांनी कुकीत अंडं घातलं आणि सांगितलं नाही. त्यातल्या एकाचे आजोबा वारकरी, गळ्यात माळ आहे. विचारल्यावर मला उत्तर मिळालं, "भाजल्यावर वास येत नाही, मॅडम, त्यांना कळलं नसतं." हे वाक्य पुन्हा माझ्या वर्गात उच्चारलं जाता कामा नये. ऐंशी वर्षं एका माणसाने एक नेम पाळला आणि तुम्ही तो तुमच्या सोयीसाठी, त्यांच्या पाठीमागे मोडलात. त्यांनी तुमच्या हातचं न विचारता तोंडात घातलं, कारण तुम्ही नातू आहात. त्या विश्वासाला तुम्ही दगा दिलात. तुम्हाला अंडं खायचं तर खुशाल खा, मला त्यात काही म्हणायचं नाही. पण दुसऱ्याच्या ताटात काय वाढलंय हे त्याला सांगणं, ही स्वयंपाक करणाऱ्याची पहिली सचोटी आहे. आजच घरी जाऊन खरं सांगायचं. ते रागावतील, ऐकून घ्यायचं.

आणि आयसिंग? तुमच्या रॉयल आयसिंगमध्ये अंड्याचा कच्चा पांढरा बलक होता. कच्च्या अंड्यातून साल्मोनेलाची बाधा होऊ शकते, आणि म्हाताऱ्या शरीराला ती तुमच्यापेक्षा कितीतरी जड जाते. एका कुकीवरच्या पांढऱ्या बटणांसाठी तुम्ही हा धोका पत्करलात. धोका त्यांच्या जिवाला, हौस तुमची.

मधुमेहाचंही तेच. "साखर नाही, गूळ घातलाय, म्हणून चालतं," असं किमान चौघांनी मला ऐकवलं. गुळाने रक्तातली साखर वाढते. उष्मांकही दोघांत जवळपास सारखेच. गूळ म्हणजे पथ्य नव्हे. रक्त पातळ करायची गोळी चालू असलेल्या माणसाला सुंठ-दालचिनीचा सढळ हात चालेल का, हेही त्यांच्या डॉक्टरांना विचारायचं असतं. दालचिनीबद्दल एक जास्तीची गोष्ट सांगून ठेवते. बाजारात दालचिनी म्हणून मिळते ती जाड, टणक, एकाच सालीची पुंगळी बहुतेकदा कॅशिया असते. तिच्यात कूमारिन हे द्रव्य बरंच असतं आणि ते जास्त पोटात गेलं तर काहींच्या यकृताला त्रास देतं. २००६ साली जर्मनीच्या सरकारी संस्थेने नाताळच्या दालचिनी बिस्किटांबद्दल यासाठीच इशारा दिला होता. खरी दालचिनी पातळ पापुद्र्यांची, हाताने चुरता येणारी. ती आपल्या कोकणात पिकते, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण तेज' नावाची जातही दिली आहे. थोडे पैसे जास्त पडतील, पण ती आणा.

आता वह्या काढा. आजी-आजोबांसाठीची कुकी लिहून घ्या.

मैदा २५० ग्रॅम, किंवा त्यातला निम्मा गव्हाचा बारीक आटा. लोणी १०० ग्रॅम. बारीक केलेला गूळ ७५ ग्रॅम. काकवी १२५ मिलिलीटर. परदेशी कृतीत मोलॅसिस लिहिलेलं दिसलं की तुम्ही ऑनलाइन महागडी बाटली मागवता. कोल्हापूरकडची काकवी तेच काम करते आणि सुंठीशी तिचं जमतं, हे तुमच्या आज्यांना तुमच्या आधीपासून माहीत आहे. सुंठपूड दोन चमचे, दालचिनी एक, लवंग पाव, जायफळ चिमूट. खायचा सोडा अर्धा चमचा, सपाट. काकवी आंबटसर असते, तिच्याशी सोडा भिडतो आणि कुकी फुगते. सोडा जास्त झाला तर साबणासारखी चव येते. चिमूटभर मीठ. अंडं नाही, लागलं तर दोन चमचे दूध. पीठ फक्त एकत्र येईपर्यंत गोळा करायचं, तिंबायचं नाही. झाकून रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी जाड लाटायचं, बोटाच्या पेराच्या निम्मं तरी. माणसं, तारे, झाडं काही नको. बारके गोल कापा, एका घासात जातील असे. १७० अंशांवर नऊ-दहा मिनिटं, कडा जरा घट्ट वाटल्या की बाहेर, मधे बोट लावल्यावर खड्डा पडला पाहिजे. गार झाल्यावर डब्यात भरा, वर बटर पेपरवर सफरचंदाची एक फोड ठेवा आणि दुसऱ्या दिवशी ती काढून टाका, विसरलात तर बुरशी धरेल. मग त्यातली एक स्वतः खाऊन बघा, दातांनी नाही. जिभेने टाळ्यावर दाबायची. विरघळली तर ती न्यायची. नाही विरघळली तर घरी चहाबरोबर तुम्ही संपवायची.

आणि नेण्याबद्दल. तुमच्यातल्या कितीतरी जणांनी ते खोके डिलिव्हरीवाल्याच्या हाती पाठवले. पुण्यातल्या पुण्यात, कोथरूडहून सिंहगड रस्त्याला! कारण काय, तर ट्रॅफिक. काहींनी सोसायटीच्या वॉचमनकडे ठेवून "आजी, खाली डबा आहे" असा मेसेज केला. गुडघे दुखणाऱ्या बाईला तुमची भेटवस्तू घ्यायला जिना उतरावा लागला. लाज वाटू द्या.

दिवाळीचा फराळ आपल्याकडे ताटात घालून, वर रुमाल टाकून नेतात. ज्या घरात त्या वर्षी कुणी गेलेलं असतं त्या घरी मुद्दाम नेतात, कारण तिथे कढई चढलेली नसते. गोव्यात नाताळला दोदोल, नेवऱ्या, कुलकुल यांची ताटं अशीच शेजारी फिरतात. ताट घेऊन गेलेल्या पोराला दारातून कुणी परत पाठवत नाही. त्याला बसवतात, पाणी देतात, अभ्यासाचं विचारतात, आणि ताट रिकामं परत द्यायचं नसतं म्हणून त्यात निदान चिमूटभर साखर तरी घालतात. मग त्या साखरेसकट ताट घरी येतं आणि आई विचारते, काकूंची तब्येत कशी आहे? पोराला सांगता आलं पाहिजे, म्हणून त्याने बघितलेलं असतं. ही सगळी ये-जा त्या ताटावर चालते. तुम्ही फेकून द्यायचा पुठ्ठ्याचा खोका दिलात. तो परत द्यायचा नाही, म्हणजे कुणी कुणाकडे परत यायचं नाही.

मला माहीत आहे, तुम्ही वाईट पोरं नाही आहात. वाईट असता तर मी एवढा घसा कोरडा केला नसता, फी घेऊन गप्प बसले असते. तुमच्या हातात कसब आहे, तुमचं आयसिंग माझ्यापेक्षा सरळ पडतं. पण तुमचं लक्ष चुकीच्या माणसाकडे होतं. लाटताना, कापताना, भाजताना तुमच्या डोळ्यांपुढे फोटो बघणारे लोक होते. ज्यांच्या तोंडात दात नाहीत, हात कापतात, गिळताना ठसका लागतो, दुपारी तीन वाजता दार वाजलं तर कोण आलं म्हणून जे उठून बसतात, ते तुमच्या डोळ्यांपुढे नव्हते.

येत्या रविवारी प्रत्येकाने जायचं. स्टीलचा डबा न्यायचा, झाकणावर घरचं नाव कोरलेला, म्हणजे तो आणायला पुन्हा जावं लागेल. फोन पिशवीत ठेवायचा. त्यांच्या घरचा चहा तुम्ही करायचा. कुकी चहात बुडवून त्यांच्या हातात द्यायची आणि त्यांचं खाऊन होईपर्यंत उठायचं नाही. सांगायला लागले तर ऐकायचं, तीच गोष्ट दहाव्यांदा असली तरी. गप्प बसले तर तुम्हीही गप्प बसायचं.

पुढच्या शनिवारी मला फोटो दाखवू नका. किती खाल्ल्या, कोणती बाजू चावता आली नाही, सुंठ जास्त झाली की कमी, हे विचारून या. ज्याला सांगता येणार नाही, त्याने वर्गात येऊ नये.