चोर तिसराच

पुनावळे 1997 साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेलं. शेतांच्या जागी उंच इमारती आल्या, गोठे मोडले. पण गावठाणात ज्यांच्या दारात थोडी मोकळी जागा उरली, त्यांनी कोंबड्या सोडल्या नाहीत. गावरान अंड्याला इमारतींतलं गिऱ्हाईक दारात चालत येतं.

अशाच एका घरातल्या दोन सख्ख्या जावांची ही गोष्ट. वाटणी झाली तेव्हा अंगणात मधोमध विटांची भिंत उभी राहिली, गिलावा न केलेली. भिंतीच्या अलीकडे थोरलीचं खुराडं, पलीकडे धाकटीचं. दोन्ही त्याच भिंतीला टेकलेली, दोन्ही एकाच मालाची. चाकणच्या कारखान्यांत सुटे भाग ज्या लाकडी पेट्यांतून येतात, त्यांच्या फळ्या भंगारवाल्याकडून आणून ठोकलेल्या. कोंबड्या दिवसभर एकत्र चरायच्या आणि दिवस मावळला की आपापल्या खुराड्यात जायच्या. सासू एक महिना थोरलीकडे जेवायची, एक महिना धाकटीकडे.

चैत्र सरता सरता थोरलीची अंडी निम्म्यावर आली. कोंबडी पलीकडे जाऊन अंडं घालते आणि धाकटी ते गुपचूप उचलते, असं तिच्या मनानं घेतलं. मनात ठेवलं असतं तर निभावलं असतं. ती पिठाच्या गिरणीत चार बायकांसमोर बोलून गेली.

धाकटीच्या कानावर ते आलंच. तिचं आधीच बिनसलेलं होतं. तिनं खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली होती. पिलं निघायला 21 दिवस लागतात. पण दोन आठवडे झाले नाहीत तोच कोंबडी उठली ती पुन्हा बसेना. अंडी गार पडली. रात्री भिंतीवरून हात घालून थोरलीनंच कोंबडी हुसकली, असं धाकटीनं ठरवून टाकलं. दोघींचं बोलणं बंद झालं.

थोरली तशी कामाला वाघीण. तिनं कोंबड्या धरून पिसं उलटून पाहिली. शेपटीखाली पिवळसर उवा पळत होत्या आणि पिसांच्या मुळाशी लिखांचे पांढरे गड्डे चिकटले होते. तिनं चुलीची राख चोळली, अंगणात राखमातीचा खड्डा करून दिला. कोंबड्या त्यात मनसोक्त लोळल्या, उवा कमी झाल्या. तुरे मात्र फिकटच राहिले आणि अंडी वाढली नाहीत. मग तिचा मुलगा शेतीच्या दुकानातून उसावर मारायचं औषध घेऊन आला.

सासूनं ते पाहिलं आणि बाटली हातातून काढून घेतली. म्हातारीचं हे करणं फार मोलाचं होतं. 2017 साली नेदरलँड्समध्ये कोंबड्यांच्या किडीवर फिप्रोनिल हे बंदी असलेलं कीटकनाशक वापरलं गेलं, ते अंड्यांत उतरलं आणि युरोपभर लाखो अंडी बाजारातून परत घ्यावी लागली. जे आपली लेकरं खाणार, त्यावर पिकाचं औषध मारायचं नाही.

"तुझ्याही कोंबड्यांचे तुरे पांढरे, तिच्याही," सासू म्हणाली. "दोन्हीकडच्या संध्याकाळी खुराड्यात शिरायला मागत नाहीत, शेवग्यावर बसतात. एक जाऊ चोर असती तर तिच्या कोंबड्या तरी धडधाकट असत्या. दोघींचं जातंय, म्हणजे चोर तिसराच कुणीतरी आहे."

भिंतीच्या दोन्ही बाजूंना जाणारी त्या घरात ती एकटीच होती. म्हणून तिला दिसलं.

मग पशुवैद्यकीय दवाखाना गाठला. तिथल्या डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "रात्री पाहिलंत का?" कुणीच पाहिलं नव्हतं. त्या रात्री थोरली बॅटरी आणि जुन्या पांढऱ्या धोतराचा तुकडा घेऊन खुराड्यात वाकली. कोंबड्या बसतात त्या आडव्या फळीच्या खालच्या अंगानं तिनं कापड ओढलं. कापडावर रक्ताचे लालभडक ओरखडे उमटले. उजेडात फळीची भेग हलताना दिसली. मोहरीहूनही बारीक, रक्त पिऊन तांबडे झालेले किडे. सासूनं सांगितल्यावर पलीकडे धाकटीनं तेच केलं. तिच्या कापडावरही तेच. अंडी काढणाऱ्या तिच्या पोरांच्या हातांवरचे लाल पुरळ घामोळ्यांचे नव्हते, हे तिला तेव्हा कळलं.

उवा कोंबडीच्या अंगावरच जन्मतात आणि तिथंच मरतात. त्यांचा इलाज अंगावर करायचा, आणि लिखांतून निघालेल्यांसाठी दहा-चौदा दिवसांनी पुन्हा. भेगेतला हा किडा म्हणजे लाल माइट, तो वेगळा. दिवसा भेगांत दडतो, रात्री येऊन रक्त पितो आणि परत भेगेत जातो. उन्हाळ्यात आठवड्याभरात त्याची नवी पिढी तयार होते, आणि खुराडं रिकामं ठेवलं तरी तो कित्येक महिने उपाशी तग धरतो. दिवसा कोंबडी कितीही निरखली तरी तो सापडत नाही. खुडूक कोंबडीला तर रात्रभर एका जागी बसणं भाग असतं. ती बिचारी अखेर उठणारच.

थोरलीनं दुसऱ्याच दिवशी आपलं खुराडं रिकामं करून उकळतं पाणी ओतलं, फळ्या खरवडल्या, चुना मारला, डॉक्टरांनी दिलेलं औषध सांगितलेल्या मापानं भेगाभेगांत फवारलं. आठव्या रात्री कापड पुन्हा लाल. किडे भिंतीच्या विटांमधून पलीकडून येत होते.

आता भिंत ओलांडण्यावाचून इलाज नव्हता. थोरली धाकटीच्या दारात गेली. "अगं, तुझ्या बाजूचं केल्याशिवाय माझं सुटत नाही, आणि माझं केल्याशिवाय तुझं."

धाकटी उंबऱ्यातच उभी राहिली. "ताई, अंड्यांचं तुम्ही गिरणीत बोललात."

थोरलीनं मान खाली घातली नाही की सारवासारव केली नाही. "बोलले. उद्या दळण आहे, तूही चल."

गिरणीत बायका होत्याच. थोरली सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "माझी अंडी हिनं उचलली नव्हती. मी खोटं बोलले होते." मग डबा खाली ठेवून तिनं लाल किड्यांचं सगळं सांगितलं आणि ज्यांच्या दारात कोंबड्या आहेत त्यांना रात्री पांढरं कापड फिरवून बघायला लावलं. त्यातल्या दोघींच्या घरी तेच निघालं.

दोन्ही खुराडी एकाच दिवशी रिकामी झाली. पेट्यांच्या फळ्या जाळल्या, बसायला लोखंडी पाईप आले, भिंतीला दोन्ही अंगांनी सिमेंटचा गिलावा झाला. त्याचा खर्च दोघींनी निम्मा निम्मा केला. औषध आठवड्यानं पुन्हा फवारलं, आणि डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस अंडी खाल्ली नाहीत की विकली नाहीत. जेठात धाकटीनं पुन्हा कोंबडी बसवली. थोरलीनं आपली सात अंडी तिच्याखाली ठेवायला दिली.