सत्यनिष्ठा आणि साक्ष

पवित्र शास्त्राला देवाचे वचन मानणाऱ्या माणसासमोर एक प्रश्न प्रत्येक पिढीत नव्याने उभा राहतो : जे सत्य आपण निर्माण केलेले नाही, केवळ स्वीकारलेले आहे, ते भोवतालच्या संस्कृतीच्या मर्जीप्रमाणे न वाकवता त्याच संस्कृतीतल्या माणसांपर्यंत कसे पोचवावे. ख्रिस्ती परिभाषेत या कामाला 'साक्ष देणे' म्हणतात. साक्षीदाराला पाहिलेल्या गोष्टीत फेरफार करण्याची मुभा नसते आणि ऐकणाऱ्यावर निकाल लादण्याचाही त्याला अधिकार नसतो. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात पौल अथेनैकरांशी बोलताना अज्ञात देवाला अर्पण केलेल्या त्यांच्याच वेदीपासून सुरुवात करतो, त्यांच्याच कवींचा आधार घेतो, आणि तरीही ज्या पुनरुत्थानाच्या उल्लेखाने श्रोत्यांतले काही जण हसू लागले तो उल्लेख गाळत नाही. जवळीक आणि निष्ठा यांचा हा मेळ पुढच्या काळात फार थोड्यांना साधला, आणि तो साधण्याच्या धडपडीचा एक मोलाचा अध्याय मराठीत लिहिला गेला आहे.

त्याची सुरुवात गोमंतकात होते. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले आणि ते १६१६ मध्ये राचोल येथे रोमन अक्षरांत छापले गेले. सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या चरित्रापर्यंतची कथा त्यांनी पुराणाच्या चौकटीत, प्रश्नोत्तरांच्या ओघात सांगितली आणि तिच्यासाठी मराठी श्रोत्याच्या कानाला सरावलेला ओवीछंद निवडला. तथापि ग्रंथाच्या आरंभीच नवख्रिस्ती श्रोते विचारतात की आमची जुनी पुराणे बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरी का देत नाही. या एका प्रश्नात त्या काळाची सारी व्यथा आहे. गोव्याच्या साष्टी भागातली देवळे पोर्तुगीज सत्तेने पाडली होती, आणि ज्या ओव्या इतक्या प्रेमाने रचल्या गेल्या त्यांच्यामागे तलवारीची सावली होती. स्टीफन्स यांच्या कवित्वाने आणि मराठीवरील निस्सीम प्रेमाने ती सावली पुसली जात नाही. शुभवर्तमानाला सत्तेचा टेकू मिळाला की ऐकणाऱ्याचा होकार खरा की धाकाचा हे सांगता येत नाही, आणि अशा होकारावर साक्ष उभी राहत नाही.

एकोणिसाव्या शतकात मुंबईत चित्र पालटले. १८१३ मध्ये आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी आणि १८२९ पासून तेथे राहिलेल्या जॉन विल्सन यांच्यासारख्या स्कॉटिश विद्वानांनी छापखाना, शाळा आणि जाहीर वाद ही साधने हाती घेतली. राज्य इंग्रजांचे असले तरी येथे प्रतिपक्षाला बोलण्याची मोकळीक होती. मोरभट दांडेकरांनी विल्सन यांना ग्रंथरूपाने उत्तर दिले, आणि १८५७ मध्ये विष्णुबावा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी महिनोन्‌महिने वाद केले. या वादांनी मराठी गद्याला धार आली, पण श्रद्धेचा प्रश्न युक्तिवादाच्या जयपराजयात अडकून पडला. त्या किनाऱ्यावरच्या वादांचे वृत्त प्रसिद्ध करणारे मिशनरी जॉर्ज बोवेन मात्र मिशनचे वेतन सोडून मुंबईत गरिबांसारखे राहिले आणि तेथेच वारले. सांगणाऱ्याचे जगणे हेही सांगण्याचाच भाग आहे, हा विचार येथून आकार घेऊ लागला.

तो पूर्णत्वाला नेला पंडिता रमाबाईंनी. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण बाप्तिस्म्याबरोबर इंग्रजी चर्चची अधिसत्ताही निमूटपणे स्वीकारावी ही अपेक्षा त्यांनी मान्य केली नाही. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात हा झगडा पानोपानी दिसतो. जे मत पवित्र शास्त्रात स्वतः वाचून पटत नाही ते बिशपांनी सांगितले म्हणून स्वीकारायचे नाही, आणि शाकाहारासारखी जी रीत शास्त्राच्या विरोधात जात नाही ती परकीयांच्या सोयीसाठी सोडायची नाही, अशी त्यांची भूमिका होती. बायबलनिष्ठा म्हणजे पाश्चात्त्य रीतिरिवाजांची निष्ठा हा समज त्यांनी एकाच वेळी दोन्ही बाजूंनी मोडून काढला.

१८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवा व निराधार मुलींसाठी शारदासदन काढले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलवले. संस्थेत कोणावरही धर्म लादायचा नाही हे वचन होते, आणि मुलींना आपापले आचार पाळण्याची मोकळीक होती. रमाबाई स्वतः आपल्या खोलीत मुलीसह प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे, आणि सदनातल्या काही मुली येऊन बसत. याच कारणावरून पुण्यात वादळ उठले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या, आणि १८९३ मध्ये रानडे व भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी संस्थेशी संबंध तोडले. पालकांची शंका निराधार होती असे म्हणता येणार नाही, कारण आश्रयाला आलेल्या लहान मुलीला आपल्या आश्रयदात्रीच्या श्रद्धेकडे तटस्थपणे पाहणे अवघड असते. तरीसुद्धा इतरांना मोकळीक देणाऱ्या स्त्रीने आपली प्रार्थना तेवढी दाराआड लपवावी, ही मागणीही न्यायाची नव्हती. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणले. १९२२ मध्ये त्या वारल्या आणि १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले.

१८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या कवी नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तनाच्या द्वारे ख्रिस्तभक्तीला वारकरी वळण दिले. मिशनची नोकरी सोडून १९१७ मध्ये त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा दिली. बाप्तिस्मा ही ख्रिस्ताचीच आज्ञा असल्यामुळे हा प्रयोग शास्त्राच्या कसोटीवर वादग्रस्त राहतो. १९१९ मध्ये टिळकांचे निधन झाल्याने तो अपुराच राहिला.

साक्षीच्या या विचाराचा पुढचा टप्पा तमिळ प्रदेशात आणि तेथून इंग्लंडमध्ये जातो. १९३६ मध्ये भारतात आलेले ब्रिटिश मिशनरी लेस्ली न्यूबिगिन कांचीपुरमच्या रामकृष्ण मठात संन्याशांबरोबर जमिनीवर मांडी घालून अभ्यासाला बसत. एका आठवड्यात उपनिषद आणि दुसऱ्या आठवड्यात योहानकृत शुभवर्तमान वाचले जाई. त्या मठात थोर धर्मपुरुषांच्या चित्रांत येशूचेही चित्र होते आणि नाताळला त्याची पूजा होई. न्यूबिगिन यांना त्यातला आदर जाणवला, आणि हेही उमगले की या चौकटीत ख्रिस्त अनेकांतला एक झाला आहे. १९७४ मध्ये ते मायदेशी परतले तेव्हा तेथील मंडळ्यांनीही नेमके हेच केल्याचे त्यांना दिसले. आधुनिक संस्कृती विज्ञानाने सिद्ध होणारी 'तथ्ये' सार्वजनिक मानते आणि धर्माला खाजगी आवडीनिवडीच्या कप्प्यात टाकते, आणि पाश्चात्त्य ख्रिस्ती लोकांनी तो कप्पा कुरकुर न करता स्वीकारला होता. शुभवर्तमान सर्वांसमोर मांडण्याजोगे सत्य आहे, आणि ते विश्वासार्ह वाटायचे असेल तर त्याप्रमाणे जगणारी स्थानिक मंडळी लोकांच्या डोळ्यांसमोर असली पाहिजे, असे प्रतिपादन त्यांनी १९८९ च्या आपल्या ग्रंथात केले. बोवेन आणि रमाबाई यांनी जे आचरून दाखवले होते, त्याला येथे सिद्धांताचे रूप मिळाले.

अशा साक्षीला भारतात कायद्याची चौकटही आहे : भारतीय संविधानाचे पंचविसावे कलम धर्माच्या प्रसाराचा हक्क देते, आणि त्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये म्हटले. या निर्णयावर कायदेपंडितांत मतभेद आहेत. ख्रिस्ती धर्मशास्त्राला मात्र मनपरिवर्तन हे पवित्र आत्म्याचे कार्य आहे आणि ते माणसाच्या हाती नाही हे पूर्वीपासूनच मान्य आहे, म्हणून साक्षीदाराने कायद्याचे भय बाळगून गप्प बसण्याचे कारण नाही, आणि आमिष किंवा दबाव यांचा आधार घेण्याचेही नाही. पेत्राच्या पहिल्या पत्राने आशेचे कारण विचारणाऱ्याला सौम्यतेने उत्तर देण्यास सांगितले आहे, आणि हे उत्तर मराठीत कसे द्यावे हे दाखवणारी माणसे मराठी मंडळ्यांना लाभली आहेत. परदेशी पुस्तिकांची भाषांतरे वाटण्यापूर्वी त्या मंडळ्यांनी रमाबाईंचे बायबल आणि टिळकांचे अभंग आपल्या तरुणांच्या हाती द्यावेत, आणि ख्रिस्तपुराण त्याच्या काळावरच्या डागासकट त्यांना वाचायला शिकवावे.