जायची चिठ्ठी

"काहून जाऊ नये, ते सांग आधी," मामा म्हणाले. "काहून राहावं, हे आमी लई वर्सं ऐकलं."

मामांचं शेत धर्माबाद तालुक्यात, तेलंगणाच्या हद्दीला लागून. मी लातूरला राज्यशास्त्र शिकवते. ब्रेक्झिटचा विषय वर्गात निघाला की मुलं माना डोलावतात आणि परीक्षेला येईल का म्हणून विचारतात. मामांपुढं काढला की भांडण होतं, म्हणून मला तो तिथंच काढायला आवडतो. 23 जून 2016 ला ब्रिटननं मतदान केलं आणि 51.9 टक्के लोकांनी युरोपीय संघातून बाहेर पडायचं ठरवलं. धर्माबादकडच्या गावांनी 2018 च्या सुमारास तसाच सूर लावला होता: आम्हाला तेलंगणात घाला. 2019 च्या निवडणुकीच्या तोंडावर नांदेडच्या सीमाभागातली मंडळी हैदराबादला जाऊन मुख्यमंत्री चंद्रशेखर राव यांना भेटूनही आली. सोडायचं होतं ते राज्य, देश नव्हे. पण प्रश्नाची जात तीच.

"तवा तिकडं एकराला 4 हजार मिळायचे, हंगामाच्या आधी, थेट खात्यात," मामा म्हणाले. "मोटारीला चोवीस तास लाईन, तीबी फुकट. आमी रात्री बॅटरी घेऊन इच्चूकाट्यात दारं धरतो."

"ती रयतू बंधू योजना 2018 ची, मामा. ती आणणारं सरकार 2023 च्या डिसेंबरात पडलं. नव्या सरकारनं नाव बदललं, रक्कम बदलली. योजना सरकारबरोबर येते-जाते. हद्द एकदा सरकली की तुमच्या नातवांनाही मागं सरकवता येणार नाही."

"मग इकडं ऱ्हायल्यावर सरकार बदलत न्हाई का? येतंय-जातंय त्येच्यासाठी जाऊ नये म्हणतीस, तर येतंय-जातंय त्येच्यासाठी ऱ्हावं कसं?"

हा सवाल पुढच्या वर्षी मी वर्गात विचारणार आहे, बहुधा मामांचं नाव न घेता.

मी 1956 वर आले. हैदराबाद राज्याचे त्या वर्षी तीन तुकडे झाले. कानडी जिल्हे म्हैसूरला गेले, तेलंगणा आंध्रात, आपण मुंबई राज्यात. जाताना तेलंगणाच्या हातात फेब्रुवारी 1956 चा सभ्य गृहस्थांचा करार होता, आपल्या हातात 28 सप्टेंबर 1953 चा नागपूर करार. दोन्हींत मागास भागाला नोकऱ्यांत, शिक्षणात, खर्चात वाटा द्यायचं कबूल केलेलं.

"आन् दोन्ही कागदावरच," मामा म्हणाले.

"तेलंगणानं 1969 मध्ये रस्ता धरला आणि 2 जून 2014 ला वेगळं राज्य मिळवलं. आपण घटनेच्या 371 व्या कलमावर भरवसा ठेवला. त्या कलमातलं विकास मंडळ 1994 मध्ये मिळालं, आणि 30 एप्रिल 2020 ला त्याची मुदत संपली."

"संपली तवा कोन रडलं का मुंबईत? मी सांगतो. निघून जाईल ह्याची भीती असंल त्येचंच ऐकत्यात. आमी कुठं जातो? आमची भीतीच न्हाई कुनाला."

मामांचं हे म्हणणं माझ्या पुस्तकांतल्या बऱ्याच प्रकरणांहून सरळ आहे, आणि त्याला पुरतं उत्तर माझ्यापाशी नाही. निघायची वाटच नसली तर कराराला धार राहत नाही. पण वाट रोज दाखवत राहिलं तर एकत्र राहून कोणी धरणही बांधणार नाही. त्यातून आपल्याकडं असं मत मागायची सोयच नाही. तिसऱ्या कलमानं राज्यांच्या सीमा संसद ठरवते, विधानसभेचं नुसतं मत ऐकते. 2014 च्या जानेवारीत आंध्रच्या विधानसभेनं विभाजनाचं विधेयक नाकारलं. फेब्रुवारीत संसदेनं ते मंजूर केलं.

"आणि निघाल्यावर सुटका होते असंही नाही," मी म्हणाले. "पोलावरम धरणासाठी खम्मम जिल्ह्यातली सात मंडलं त्याच वर्षी आंध्रात टाकली. तेलंगणाला जायला मिळालं, त्या मंडलांना थांबायला मिळालं नाही. ब्रिटनमध्येही स्कॉटलंडनं 62 टक्के मतं राहण्याच्या बाजूनं दिली, उत्तर आयर्लंडनं जवळपास 56. एकत्र मोजणीत ती बुडाली. मग आयर्लंडच्या मधोमध नाकी नकोत म्हणून माल तपासायची रेघ समुद्रात ओढली, म्हणजे ब्रिटनच्याच दोन भागांच्या मधे. तुमच्या गावात 60 जण जायचं म्हणाले तर उरलेल्या 40 चं काय?"

"ते 40 आमचेच हायत. रुसतील, मग येतील."

"बाभळीचं काय?"

मामा पहिल्यांदा गप्प झाले. बाभळीचा बंधारा त्यांच्याच तालुक्यात, गोदावरीवर, 2.74 टीएमसीचा. 2006 मध्ये आंध्रनं त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालय गाठलं. 2014 नंतर आंध्रच्या जागी तेलंगणा आलं. 28 फेब्रुवारी 2013 च्या निकालानुसार 1 जुलै ते 28 ऑक्टोबर दारं उघडी ठेवायची, आणि 1 मार्चला 0.6 टीएमसी खाली सोडायचं. म्हणजे नदी भरून वाहते तेव्हा पाणी अडवायचं नाही, आणि ती उतरायला लागली की दारं टाकायची. एका राज्यातली दोन गावं असती तर हे भांडण कलेक्टर कचेरीत झालं असतं. मधे हद्द असल्यामुळं ते दिल्लीत गेलं. जायचं-राहायचं बोलताना सगळे पैशाचा हिशेब मांडतात, भांडण कुठल्या दारात जाऊन भांडावं लागेल याचा कोणी मांडत नाही. मला तोच मोठा वाटतो.

"तुमचं गाव तिकडं गेलं तर ज्या बंधाऱ्यासाठी तुम्ही मोर्चे काढले, त्याच्याच विरुद्ध तुमचं सरकार उभं असेल," मी म्हणाले.

"बरं," मामा म्हणाले, आणि माझ्यावरच उलटले. "बेळगावचं काय मग? 865 गावं आमाला द्या म्हणून महाराष्ट्र 2004 पासून कोर्टात हाय. काय म्हणून मागतो? लोकांची इच्छा हाय म्हणून. तिकडची इच्छा ती इच्छा, आन् धर्माबादची ती लालूच?"

मी भाषेकडं वळले. खेडं हा घटक, सलग भूभाग, भाषेची बहुसंख्या, लोकेच्छा, अशी चार तत्त्वं महाराष्ट्र मांडतो. मामा हसले. त्यांची सून निजामाबादकडची, नातू दोन्ही भाषांत भांडतो. चार तत्त्वांतली तीन आपल्या सोयीची असली की चौथं आपोआप पवित्र होतं, हे त्यांनी न बोलता मला सांगितलं. या मुद्द्यावर मी हरले, आणि हरले तरी बेळगाव मला हवंच आहे.

शेवटचा पत्ता म्हणून लातूरची रेल्वे काढली. ब्रिटननं मत दिलं त्याच वर्षी, 12 एप्रिल 2016 ला, मिरजेहून पाण्याची पहिली गाडी लातूरला आली. ज्या पश्चिम महाराष्ट्राला आपण शिव्या देतो त्याचं पाणी. एकाच घरात होतो म्हणून आलं.

"रेल्वे दिल्लीची," मामा म्हणाले. "आन् गाडीनं पानी आनावं लागतं हीच तर तक्रार हाय."

"समजा उद्या चिठ्ठी टाकायचीच झाली. कुठली टाकाल?"

"जायची."

"बाभळीचं ऐकूनही?"

"ऐकूनच. जायची टाकीन, पन ती थोड्या मतानं पडावी. लई मतानं पडली तर पुन्ना कोन विचारनार? थोड्यानं पडली की मुंबईवाले पळत येतील."

"सगळ्यांनीच असा विचार केला तर ती पडणार नाही, मामा."

"तेच ना," मामा म्हणाले. "शेजारी काय टाकतो, त्येचा अंदाज घ्यावा लागंल आधी. तो लई खोटं बोलतो."