चोपडीत नसलेली बाई

"गोदावरीबाईंना नाटकातून काढूनच टाकलं तर?" भाचीने विचारलं, तेव्हा आत्यांनी समोरची वही मिटली आणि चष्मा काढून ठेवला.

आत्या एकलहऱ्यात राहतात. नाशिकरोडच्या एका शाळेत त्यांनी अनेक वर्षं इतिहास शिकवला. औष्णिक वीज केंद्राच्या वसाहतीतली कितीतरी मुलं त्यांच्या हाताखालून गेली. भाची नाशिकला कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी ती १९४५ च्या वारली उठावावर एकांकिका लिहिते आहे. संहिता द्यायची मुदत सप्टेंबरअखेरची. अर्धीअधिक लिहून झाली होती आणि तिथेच ती अडली होती.

कारण साधं होतं. उठावातली नावं तिने एका कागदावर मांडली होती. गोदावरी परुळेकर. शामराव परुळेकर. टिटवाळ्याच्या किसान परिषदेला गेलेले माह्या धांगडा. तलासरीच्या गोळीबारात पडलेले जेठ्या गांगड. यादीत बाई एकच, आणि ती पुण्याच्या सुखवस्तू घरातून आलेली वकील.

"वारली बाई कुठाय, आत्या? हजारो माणसं उठली म्हणतो आपण. त्यांतल्या निम्म्या तरी बाया असतील ना? मला गोदावरीबाई नकोत. मला त्यांच्यातली बाई हवी आहे, आणि ती मीच उभी करणार आहे."

"म्हणजे रचणार."

"रचणार."

आत्यांनी लगेच विरोध केला नाही. आधी त्यांनी भाचीला लग्नगडी म्हणजे काय ते सांगायला लावलं. शिक्षकाची ही सवय जुनी, आणि इथे ती उपयोगी पडली. डहाणू आणि उंबरगाव हे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातले तालुके. जमिनी वारल्यांच्या हातून सावकार-जमीनदारांकडे गेलेल्या, जंगल इंग्रज सरकारच्या ताब्यात. मालकाने बोलावलं की स्वतःचं शेत टाकून त्याच्याकडे राबायचं, ही वेठ. आणि लग्नासाठी ज्याने मालकाकडून पैसे उचलले, तो लग्नगडी. ते कर्ज कधीच फिटायचं नाही. हिशेब मालकाच्या चोपडीत, आणि चोपडी वाचता येणारा माणूस एकच, तो म्हणजे मालक.

"आता नीट बघ," आत्या म्हणाल्या. "पैसे घेतले नवऱ्याने. अंगठा नवऱ्याचा. पण राबायला दोघं. ती पोरगी हळद लागली त्या दिवशी गुलाम झाली. तिने एक आणाही घेतला नव्हता. चोपडीत तिचं नाव असायचं काही कारणच नव्हतं. मग गडी सुटले तेव्हाही मोजले कोण? गडी. तुझ्या यादीत बाई नाही, ती यादी करणाऱ्याच्या विसराळूपणामुळे नाही. त्या गुलामीची बांधणीच तशी होती."

भाचीला हे पटलं, पण त्यातून तिने उलटा निष्कर्ष काढला. कागदाने जिला मुद्दाम बाहेर ठेवलं, तिच्यासाठी कागदाचा पुरावा मागणं म्हणजे त्या मालकाचाच नियम पाळणं. तिने सोलितूदचं उदाहरण दिलं. कॅरिबियन समुद्रातलं ग्वादलूप हे फ्रेंचांच्या ताब्यातलं बेट. १७९४ मध्ये फ्रान्सने गुलामी रद्द केली. १८०२ मध्ये नेपोलियनच्या फौजा ती परत लादायला आल्या आणि बेटावर उठाव झाला. पकडलेल्या बंडखोरांत सोलितूद नावाची गरोदर स्त्री होती. बाळंत होईपर्यंत तिला थांबवून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी, २९ नोव्हेंबर १८०२ ला, देहदंड दिला. तिच्याबद्दल जुन्या इतिहासात सापडतात त्या औग्यूस्त लाकूरच्या ग्रंथातल्या मोजक्या ओळी. १९७२ मध्ये आंद्रे श्वार्त्स-बार यांनी तिच्यावर कादंबरी लिहिली आणि जगाला ती माहीत झाली. २०२२ मध्ये पॅरिसमध्ये तिचा पुतळा उभा राहिला.

"कादंबरी झाली नसती तर त्या ओळी कुणी वाचल्या असत्या?" भाचीने विचारलं.

"नसत्या. पण आता लोकांना जी सोलितूद माहीत आहे, तिच्यातली खरी किती आणि कादंबरीतली किती, हे सांगता येईल का तुला? तिला निदान नाव होतं, तुरुंग होता, मरणाची तारीख होती. त्या आधारावर लेखकाने भिंत चढवली. तुझ्याकडे काय आहे? तू तिला नाव देशील, चार टाळ्यांची वाक्यं देशील. वाक्यं तुझी असतील, नाशिकच्या लॉ कॉलेजातली. तलासरीची कुणी पोर ते नाटक बघेल आणि तिला वाटेल, माझी आजी अशी बोलायची. ती तशी बोलत नव्हती."

इथे आत्यांचं म्हणणं वजनदार आहे, पण पूर्ण नाही. न बोललेलं बोलायला लावणं ही जशी जबरदस्ती, तसं गप्प ठेवणं हीही एक कृतीच आहे. भाचीने नेमकं तेच म्हटलं आणि मग अधिक अवघड जागी बोट ठेवलं. तिच्या नाटकात मालकाच्या वाड्यावरचा एक प्रसंग होता.

त्या प्रसंगाला आधार आहे. तिशीच्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारने सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याला आदिवासी भागाची पाहणी करायला सांगितलं. त्याच्या अहवालात वेठ आहे, मारहाण आहे, आणि जमीनदार आपल्या सत्तेचा वापर कुळांच्या बायकांवर कसा करतात तेही आहे. गोदावरीबाईंनीही हे अत्याचार लिहून ठेवले. म्हणजे सरकारला ठाऊक होतं. अहवाल छापला गेला आणि वेठ चालूच राहिली.

"ते दाखवायचंच नाही?" भाची म्हणाली. "नाही दाखवलं तर मालक सुटतो. लोकांना वाटेल, भांडण काय ते मजुरीचं होतं."

"आणि दाखवलंस तर? दोनशे माणसांसमोर ती बाई पुन्हा वाड्यावर जाणार. ज्यांच्यावर हे गुदरलं त्यांनी स्वतः किती सांगितलं, कुणाला सांगितलं, काय पोटात ठेवलं, ते आपल्याला माहीत नाही. त्यांनी सांगितलं नसेल तर त्याला त्यांची कारणं असतील. नातवंडं आहेत त्यांची. तू परवानगी कुणाची घेतलीस?"

भाचीकडे उत्तर नव्हतं. या प्रश्नाला बिनचूक उत्तर असेल असं मलाही वाटत नाही. अत्याचार झाकला तर गुन्हेगाराचं फावतं, उघडा केला तर जिच्यावर झाला तिची आठवण तेवढ्यापुरती उरते. एवढं मात्र खरं की आजवर आपल्या कथांनी या बायांना दोनच जागा दिल्या: वाड्यावरची किंचाळी नाहीतर मोर्च्यातली उंचावलेली मूठ. मधलं सगळं आयुष्य, ज्यावर उठाव टिकला, ते कुणी मांडलेलं नाही.

मग आत्या गोदावरीबाईंकडे वळल्या. बाईंना वगळणं आत्यांना मुळीच मान्य नव्हतं. १९०७ सालचा जन्म, पुण्याच्या गोखल्यांची मुलगी, महाराष्ट्रातल्या पहिल्या महिला कायदा पदवीधर. सविनय कायदेभंगात तुरुंगात गेल्या म्हणून वडिलांशी बिनसलं. भारत सेवक समाजाच्या पहिल्या महिला आजीव सदस्य झाल्या. मुंबईत घरकाम करणाऱ्यांची संघटना बांधली. १९३९ मध्ये शामराव परुळेकरांशी लग्न, कम्युनिस्ट पक्षात प्रवेश, पुन्हा तुरुंग. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली, तिथे उंबरगावचे वारली आले. २३ मे १९४५ ला झरीच्या परिषदेत सुमारे पाच हजार आदिवासींनी ठरवलं: वेठ करायची नाही, आणि बारा आण्यांखाली रोजावर जायचं नाही. त्यानंतर गोदावरीबाई पाड्यापाड्यांतून चालल्या, झोपड्यांतून राहिल्या, वारली बोली शिकल्या. 'जेव्हा माणूस जागा होतो' हे त्यांचं पुस्तक १९७० साली आलं, १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. त्या काळाबद्दल आज आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातलं बरंचसं या पुस्तकातून आलेलं आहे.

"रचलेल्या बाईला जागा करून द्यायची म्हणून खऱ्या बाईला हाकलायचं, हा कुठला न्याय?" आत्यांचा आवाज चढला. "त्या बाहेरच्या होत्या, उच्चवर्णीय होत्या, सगळं खरं. पण १० ऑक्टोबर १९४५ आठव. गोदावरीबाईंची सभा आहे, अशी खोटी हूल उठवून वारल्यांना तलासरीला गोळा केलं गेलं आणि पोलिसांनी गोळ्या घातल्या. पाच माणसं गेली. बाईंच्या नुसत्या नावावर हजारो माणसं रात्री चालत आली. ते नाव त्यांनी फुकट मिळवलेलं नव्हतं."

"पण आत्या, तेच तर! लोक येतात ते बाईंच्या नावावर. मग प्रेक्षकही बाईंनाच बघणार. वारली बाई मागे उभी राहणार, गर्दी म्हणून."

एवढ्यात दारात एक बाई आली. सुरगाणा तालुक्यातली, पन्नाशीची, द्राक्षबागेत गोडी छाटणीच्या कामाला टोळीबरोबर आलेली. अशा टोळ्या पेठ-सुरगाण्याहून दर हंगामात नाशिक, निफाड, दिंडोरीकडे उतरतात. तिच्या पिशवीत प्लास्टिकच्या पाकिटात वनपट्ट्याची झेरॉक्स होती. वनहक्क कायद्याने पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे द्यावा लागतो. २००६ च्या त्या कायद्याच्या चौथ्या कलमात तशी तरतूद आहे. तिच्या कागदावर नवऱ्याचं नाव बरोबर होतं, तिचं चुकलं होतं. आधारवर एक, पट्ट्यावर दुसरं. आत्या तिला दुरुस्तीचा अर्ज लिहून देणार होत्या.

६ मार्च २०१८ ला किसान सभेचा लाँग मार्च नाशिकच्या सीबीएस चौकातून निघाला तेव्हा ती त्यात होती. वनपट्टे हीच तेव्हाची मोठी मागणी. मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर. दहावीच्या मुलांची परीक्षा चुकू नये म्हणून शेवटचा टप्पा सगळे रात्रीतून चालले. तळपायाच्या सोललेल्या कातडीचे फोटो देशभर छापले गेले, त्यांत बायांचेही पाय होते.

भाचीने तिला पायांबद्दल विचारलं नाही, हे बरं केलं. तिने विचारलं, "मावशी, मालकाने धान्य द्यायचं बंद केलं आणि काम तर करायचं नाही असं ठरलं, तर पाड्यावर खाणार काय?"

"कंद," बाई म्हणाली. "कडूकंद." आणि बाजारातली वस्तू सांगावी तसं तिने सांगितलं. रानातून खणून आणायचे. सोलून पातळ काप करायचे. चुलीतली राख टाकून उकडायचे. टोपलीत भरून ती टोपली रात्रभर ओहोळाच्या वाहत्या पाण्यात ठेवायची, वर दगड. सकाळी एक काप जिभेवर धरून बघायचा. खवखवला तर परत पाण्यात. घाई केली तर पोरांना उलट्या.

"हे कोण करतं?"

"बायाच. गड्याला कुठं येतं?"

अर्ज लिहून झाला, सही झाली, बाई छाटणीवर गेली. पण चर्चेची दिशा बदलली होती. उठाव म्हटलं की आपल्याला सभा आणि गोळीबार आठवतो. पण वारल्यांचा लढा जिंकला गेला तो मुख्यतः काम बंद ठेवून. गवत कापणाऱ्यांनी पाचशे पौंडांना अडीच रुपये मागितले आणि त्याशिवाय विळा उचलला नाही. १९४६ मध्ये जंगलकामाला सव्वा रुपया रोज मागून कुऱ्हाडी खाली ठेवल्या. सरकारने परुळेकर दांपत्याला जिल्ह्याबाहेर काढलं, तेही मुंबईत लोकनियुक्त मंत्रिमंडळ आल्यानंतर. तरी लोक मागे हटले नाहीत. हातावर पोट असलेल्या माणसांचा संप म्हणजे रोजचा प्रश्न एकच, संध्याकाळी चुलीवर काय. तो प्रश्न ज्या सोडवत होत्या, त्यांना एका रात्रीत संप मोडता आला असता; त्यांनी तो मोडला नाही. कोणत्या घरात काय शिजलं याची नोंद कुठेच नाही. म्हणून हे अनुमान आहे. तरी सभेच्या इतिवृत्तापेक्षा मला ते कमी भक्कम वाटत नाही.

"हे दाखव," आत्या म्हणाल्या. "टोपली, ओहोळ, जिभेवरचा काप. इथे तुला संवाद रचावाच लागणार नाही."

"दाखवते. पण मला तिला नाव द्यायचं आहे."

"नको."

"का? बिननावाची बाई म्हणजे पुन्हा चोपडीच झाली की! आत्ता जी येऊन गेली, तिने एवढ्या लांबून कागद कशासाठी आणला? नावासाठी."

"तिचं नाव तिचं आहे. चुकलं तर ती अर्ज करू शकते. तू दिलेलं नाव चुकलं तर तलासरीच्या बाईने कुणाकडे अर्ज करायचा?"

दोघीही थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग भाचीने ऊसतोडीचा विषय काढला. तिथे आजही नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतो नवरा, फेडतात दोघं. सोळा-सोळा तास राबलेल्या बाईच्या हातावर वेगळा पैसा येत नाही. लग्नगड्याची बायको संपली असं समजून आपण तिच्यावर ऐतिहासिक नाटक लिहितोय, हे तिला खुपत होतं. आत्यांनी एवढंच सुचवलं की ही गोष्ट नाटकात उपदेश म्हणून आणू नये. लग्नगड्याचा हिशेब नीट दाखवला तर नगर-बीडकडून आलेला प्रेक्षक ती स्वतःच ओळखेल.

नावाचा प्रश्न मात्र तसाच राहिला. तलासरीला दर वर्षी १० ऑक्टोबरला हुतात्म्यांच्या स्मरणासाठी लोक जमतात. त्या वेळी विशीत असलेली माणसं आता जवळपास नाहीतच, पण त्यांच्या लेकी-सुना सत्तरी-ऐंशीच्या आहेत. त्यांच्यापुढे बसून विचारता येईल: तुमच्या आईचं नाव काय, लग्नाचे पैसे कुणाकडून आले होते, काम बंद होतं तेव्हा घरात काय खाल्लं, वाड्यावरची गोष्ट सांगायची आहे की नाही, आणि सांगितलीत तर मी ती रंगमंचावर नेऊ का. भाचीने हे प्रश्न लिहून काढले. शेवटच्या प्रश्नाखाली आत्यांनी एक ओळ वाढवली, 'नाही म्हणाल्या तर पुन्हा विचारायचं नाही.'

अडचण तारखेची आहे. संहिता सप्टेंबरअखेर द्यायची, तलासरीचा दिवस त्यानंतरचा. आधी नाटक दिलं तर बाई रचलेली असेल. आधी तलासरीला गेली तर यंदाची स्पर्धा हुकेल. ज्या दोन मैत्रिणींनी पाठांतर सुरू केलं आहे त्यांचं हे शेवटचं वर्ष आहे, आणि त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. आत्यांचं मत स्पष्ट आहे, तलासरी आधी. भाचीने स्पर्धेचा अर्ज मागे घेतलेला नाही.