देणं कुठं थांबतं?

परभणीच्या न्यायालयानं आम्हाला नादारीखाली देण्यांतून मुक्त केलं तेव्हा माझ्या यजमानांना सुटल्यासारखं वाटलं. सासरे मात्र गप्प झाले. त्यांना आम्ही मामा म्हणतो. ते माळकरी आहेत. रात्री त्यांनी विचारलं, "सूनबाई, कोर्टानं सोडलं, पण पांडुरंगानं सोडलं का?" देणं बुडवणाऱ्याला पुढच्या जन्मी सावकाराच्या दारी बैल व्हावं लागतं, हे आमच्या येलदरीत लहान लेकरालाही ठाऊक असतं. मामांचा प्रश्न मला टाळता येईना.

आमची पिठाची गिरणी होती, जोडीला मिरची कांडप. दुष्काळात लोकांची उधारी थकली, त्यापाठोपाठ आमचे हप्ते थकले. बँक, सावकार, हमालाची मजुरी आणि गिरणीचं वीजबिल, सगळंच अंगावर आलं. 1920 च्या प्रांतिक नादारी कायद्याखाली अर्ज करताना प्रत्येक देणं आणि घरातली प्रत्येक मालमत्ता लिहून द्यावी लागते. कपट करून घेतलेलं देणं हा कायदाही माफ करत नाही. ती यादी लिहिताना मला वाटलं, देवापुढं उभं राहून याहून वेगळं काय सांगायचं असतं?

मामा तुकोबांचं उदाहरण देतात. दुष्काळात तुकोबांचं दिवाळं निघालं, पहिली पत्नी अन्नावाचून गेली, आणि पुढं त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडली, असं परंपरा सांगते. पण ती खतं लोकांकडून येणं असलेल्या पैशांची होती. सोडण्याचा अधिकार घेणेकऱ्याचा. देणेकऱ्याला आपली खतं आमच्या पूर्णा नदीत बुडवून मोकळं होता येत नाही. त्यानं खरं सांगावं, हाती आहे ते पुढं ठेवावं, आणि सुटका दुसऱ्यानं करावी. समाज ही सुटका न्यायालयामार्फत करतो, एवढंच.

अशी सुटका धर्माला नवी नाही. व्याज मुद्दलाहून जास्त होऊ नये, हा दामदुपटीचा नियम आपल्या धर्मशास्त्राचाच. वाढतच जाणारं देणं माणसाला गुलाम करतं, हे त्या शास्त्रकारांना कळत होतं. महावितरणनं 2024 च्या अभय योजनेत कायमची वीज तोडलेल्या ग्राहकांना, शेतीपंप वगळून, मुद्दल भरल्यास व्याज आणि विलंब आकार माफ केला. त्यातही मला तोच जुना विचार दिसतो. जप्तीच्या कायद्यात स्वयंपाकाची भांडी आणि कारागिराची अवजारं सोडलेली आहेत. माझ्या मते आज घरातला दिवाही त्याच भांड्यांच्या पंगतीत बसायला हवा. अंधारात लेकरं अभ्यास कसा करणार, आणि अभ्यास नाही केला तर उद्या कमावणार काय?

पण माफी मागच्याची असते. नादारीनंतर शेजारच्या एकानं आपुलकीनं सुचवलं, "वहिनी, आकडा टाका, इतके दिवस सोसलं." मी नाही म्हटलं. वीज कार्यालयात अर्ज दिला, जुनी थकबाकी आणि चालू बिल वेगळं दाखवा म्हणून, आणि त्याची पोच घेतली. 2003 च्या वीज कायद्यानुसार थकबाकीसाठी पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय वीज तोडता येत नाही, हेही तेव्हाच समजून घेतलं. आता चालू बिल आलं की किराण्याच्या आधी भरते.

आमच्या गावाला वीज कुठून येते हे पुस्तकात वाचावं लागत नाही. 1968 साली पूर्ण झालेलं धरण समोर आहे, पायथ्याला साडेबावीस मेगावॉटचं वीजघर आहे. कुणाच्या वावरांवर ते पाणी उभं आहे, कुणी खांबावर चढून तारा जोडतं. त्यांच्या कष्टाचा माझ्या वाट्याचा भाग फुकट घेतला, तर ते नवं ऋण होईल, आणि ते कोणत्याही न्यायालयानं माफ करू नये.

मामांना मी एवढंच सांगितलं: जे माफ झालं ते कायद्यानं संपलं. 2005 च्या कायदादुरुस्तीपासून बापाचं देणं फेडणं हे पुत्राचं धर्मकर्तव्य, एवढ्याच आधारावर लेकाकडं वसुलीही लावता येत नाही, तेव्हा नातवाची काळजी सोडा. तरी हमालाची मजुरी मी मनातून काढलेली नाही. बँकेचा तोटा अनेकांत वाटला जातो, त्याचा एकट्याच्या चुलीवर पडला. गाठीला पैसा लागला की पहिला त्याचा. हे मला कुणी लावून दिलेलं नाही, म्हणूनच ते मला धर्म वाटतं. कायदा माणसाला पुन्हा उभं राहायला जागा देतो. त्या जागेवर सरळ उभं राहायचं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं.